बाही झटकून दिलेलं पीठ

बदाम दळायला आणणारा पहिला माणूस मी चक्कीवरून परत पाठवला होता. वानखेडे साहेब त्यांचं नाव. सरकारी नोकरीतून निवृत्त, पोट जरा पुढे, हातात किलोभर बदामांची पिशवी. मला वाटलं, मिठाईवाल्याकडे जाता जाता चुकून माझ्याकडे वळले. म्हटलं, "साहेब, हे घरी मिक्सरमधून काढा."

"मिक्सरमधून भरड निघते गा. मले पोळ्या करायच्या आहेत."

"बदामाच्या?"

"डायट आहे. धान्य पूर्ण बंद. गहू नाही, तांदूळ नाही, ज्वारी नाही. लोणी, पनीर, अंडे पाहिजे तेवढे खा म्हणते."

कोण म्हणते ते मी विचारलं नाही. मोबाइल म्हणतो. आजकाल सगळं तोच म्हणतो. धान्य बंद केल्याची बातमी माणूस पिठाच्या चक्कीवर येऊन सांगतो आणि ऐकणाऱ्याने तोंड गंभीर ठेवावं अशी अपेक्षा करतो, म्हणजे कमाल आहे.

आठवड्याने साहेब पुन्हा आले, गळच घातली, आणि मी भिडेखातर बदाम पेटीत ओतले. बदामाला तेल सुटतं. दगड माखले, पिठाऐवजी लगदा यायला लागला, शेवटी चक्की उघडून दगड बाहेर काढावे लागले. अर्धा दिवस धंदा बंद, बाहेर डब्यांची रांग आणि बायकांची बोलणी. साहेब लगदा घेऊन खुशीत घरी गेले. दोन महिन्यांनी त्यांची सून गव्हाचा भला मोठा डबा घेऊन आली. मी विचारलं, "बाबांचं डायट सुटलं काय वं?" ती म्हणाली, "एकाच्या शेतात गव्हाच्या रोडग्याचं जेवण होतं. सात खाल्ले. तवापासून नावच नाही घेत."

माझी चक्की सक्करदऱ्याच्या बाजूला आहे. वडिलांनी टाकली, त्यांच्यानंतर मी चालवतो, चाळीस वर्षं होत आली. ज्यांनी चक्की नुसती रस्त्यावरून पाहिली असेल त्यांच्यासाठी सांगतो. आत दोन दगड, एक स्थिर, एक फिरणारा. वरच्या पेटीतून धान्य खाली उतरतं, दगडांच्या फटीत दळलं जातं आणि समोरच्या तोंडातून बाहेर पडतं. पीठ उडू नये म्हणून त्या तोंडाला कापडाची लांब नळी बांधलेली असते. आम्ही तिला बाही म्हणतो. बाहीचं दुसरं टोक गिऱ्हाइकाच्या डब्यात. पीठ चिमटीत धरून पाहायचं आणि दगड घट्ट करायचे की सैल, ते ठरवायचं. धंदा एवढाच.

पण चक्की कधीच पूर्ण रिकामी होत नाही. आधीच्याचं थोडं पीठ दगडात आणि बाहीत राहतंच. म्हणून गव्हावर गहू दळायचा, ज्वारीवर ज्वारी. चण्याच्या डाळीवर गहू टाकला तर पोळीला बेसनाचा वास येतो आणि नवरा ताटावरून बोलतो, असं बायका मला येऊन ऐकवतात. उपवासाचा राजगिरा आणि शिंगाडा एकादशीच्या आदल्या दिवशी, चक्की पुसूनबिसून. डबा ठेवायच्या आधी प्रत्येकीचा पहिला प्रश्न ठरलेला: "काका, आता कशावर चालू आहे?"

आणि वडिलांचा एक नियम होता. चक्कीवाला पीठ मारतो, असं सगळ्या जगाला वाटतं. म्हणून दळण संपलं की वडील बाही वरपासून खालपर्यंत झटकायचे, तिला चार थापा मारायचे, शेवटची भुकटीसुद्धा डब्यात पाडायचे. गिऱ्हाइकाचं चिमूटभर पीठ आपल्याकडे राहिलं तर ते चोरीचं, असं त्यांचं म्हणणं. मीही तेच केलं. अमक्याच्या चक्कीवर दळण पूर्ण मिळतं, असं लोक म्हणायचे, आणि मी ते ऐकू न आल्यासारखं दाखवून मनातल्या मनात फुगायचो.

या साध्या धंद्याची डायटवाल्यांनी वाट लावली. त्यांचे पंथ मी डब्यावरून ओळखतो. दिवसातून दोनदाच जेवणारे आले तेव्हा मला धास्ती वाटली होती, आता दळण कमी होणार. कशाचं काय! दोनदाच जेवायचं म्हणून ही मंडळी एका बैठकीला अशी जेवतात की दळण उलट वाढलं. मधल्या वेळात चहासुद्धा चालत नाही म्हणे, त्यामुळे संध्याकाळी डबा घ्यायला येतात ते वसकन अंगावरच येतात. सोळा तास उपाशी राहणारे वेगळे. त्यांना काय खाता याचं काही नाही, किती वाजता खाता एवढंच. एक मास्तर पोहे खाता खाता घड्याळ पाहून बशी ठेवून देतात, हे त्यांच्या बायकोने मला डोक्याला हात लावून सांगितलं.

भरडधान्यवाले इतवारीच्या बाजारातून कोदो, कुटकी, राळा असलं काय काय शोधून आणतात. दाणा इतका बारीक की निम्मा न दळताच दगडाखालून निसटतो. आणलेल्या किमतीत आठवड्याची भाजी आली असती. माझी आजी कोदोचा भात खायची, पण घरात तांदूळ नसायचा म्हणून, आणि पाहुणा आला की ती भांडं झाकून ठेवायची. आता लोक त्याचा फोटो काढून पाठवतात.

सगळ्यात ताप मिश्रधान्यवाल्यांचा. गहू इतका, ज्वारी इतकी, नाचणी, सोयाबीन, चणा, मेथ्या, जवस. प्रत्येकीच्या मोबाइलवर वेगळं माप. एका पंथात सोयाबीन म्हणजे अमृत, दुसऱ्यात विष. एकजण सांगतो रात्री भात खा, झोप लागते. दुसरा सांगतो रात्री भात खाल तर मेलात. एकाच घरात नवऱ्याचं एक, बायकोचं दुसरं, सासूचे चतुर्मासाचे नियम तिसरेच, म्हणून एका घरचे तीन डबे आणि तिन्हींवर नावं. मी एकदा वैतागून त्या बाईला विचारलं, "तुम्ही सारे एका वेळी जेवता तरी का वं?" ती म्हणाली, "एका वेळी जेवत नाही, म्हणून तं भांडणं कमी झाली काका."

आणि गहू बंदवाले. दर उन्हाळ्यात यांची लाट येते. गव्हाने पोट सुटतं, गव्हाने सांधे दुखतात, गव्हाने केस गळतात. दोन-तीन महिने ज्वारी, मग श्रावण आला की गुपचूप गव्हाचा डबा. डबा ठेवतानाही माझ्याकडे पाहत नाहीत. सांगायचा मुद्दा हा की, कोणी "गहू बंद केला" म्हटलं की माझ्या कपाळावर आपोआप आठी पडायची.

अशाच एका उन्हाळ्यात माधुरी आली. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, नवरा ट्रान्सपोर्टमध्ये, माहेर उमरेडकडचं. सोबत सात वर्षांची मुलगी, स्वरा. पोरीचे हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं पुढे आलेलं, डोळ्यांखाली काळं. ही मुलगी आज ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको.

"काका, हिले गहू चालत नाही," माधुरी म्हणाली. "डॉक्टरनं सांगतलं. गहू, मैदा, रवा, कणभर बी नाही. जन्मभर."

जन्मभर! मी मनात म्हटलं, म्हणजे श्रावणापर्यंत. तोंडाने म्हटलं, "बरं."

"माहेरून ज्वारी आणतो आम्ही. गव्हावर नका दळू. पहिलं निघते ते पीठ फेकून द्या, बाही साफ करा, मंग दळा. करसान ना?"

"हौ. काळजी नको करू."

मी काय करायचो तेही सांगतो. तिच्या डब्यातली ओंजळभर ज्वारी आधी पेटीत टाकायचो, म्हणजे दगडातला गहू निघून जाईल. त्याचं जे पीठ येईल ते फेकायचं, असं ती म्हणाली होती. पण अन्न फेकायचं? आणि दुसऱ्याचं? फेकलं तर पाप, ठेवलं तर चोरी. म्हणून ते ओंजळभर पीठ मी तिच्याच डब्यात टाकायचो. दळण संपलं की वडिलांच्या नियमाप्रमाणे बाही झटकायचो, चार थापा मारायचो, सगळं डब्यात. वर मनात म्हणायचो, या डायटवाल्यांचे नखरे. बाकीच्या बायकांसारखी तीही सकाळी डबा ठेवून जायची आणि संध्याकाळी न्यायची, त्यामुळे तिने हे कधी पाहिलं नाही.

श्रावण आला, गेला. बाकीचे गहू बंदवाले गव्हावर परतले. माधुरी मात्र दर आठवड्याला ज्वारीच घेऊन येत राहिली. इथे माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही.

वर्षभराने एका शनिवारी दुपारी ती पोरीला दंडाला धरून चक्कीवर आली. पोरीचे डोळे सुजलेले. माधुरीचा आवाज चढलेला.

"तुम्हीच विचारा हिले काका. मी थकली. घरात गव्हाचा दाणा नाही ठेवला मी. आमच्यासाठी बी ज्वारीच. आन् रिपोर्ट पुन्हा तसाच. डॉक्टर म्हणते, कुठून ना कुठून गहू पोटात जाऊन राहिला. चक्कीचं विचारलं, तं मी म्हटलं, चक्कीवाले काका जातीनं पाहतात, तिकडून नाही जाणार. मंग जाते कुठून? शाळेत कोणाचं तरी खाते ही. मारलं मी काल. तरी नाही नाही करते."

"नाही खाल्लं मी," स्वरा म्हणाली.

"पाहा! अजून बी नाहीच!"

मला अशा वेळी मोठेपण घ्यायची खोड आहे. चक्कीवर बसून सगळ्या गल्लीचे न्याय करण्यात आयुष्य गेलं. मी पोरीला ज्वारीच्या पोत्यावर बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि आवाज मऊ केला. "हे पाह्य बेटा. पोट्टे खातेतच. मी बी खाल्ले चोरून. खरं सांग. खरं सांगतलं तं आई मारणार नाही, ही माझी गॅरंटी. काय खाल्लं? बिस्कीट?"

तिने आईच्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हौ."

"किती?"

"दोन."

माधुरी पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी म्हटलं, आता मारू नको तिला, पोरीनं खरं सांगितलं. त्या दिवशी जेवताना मी बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं, पोलिसाला जमलं नसतं असं मी दोन मिनिटांत काढून घेतलं.

पुढे काय झालं ते मला गल्लीतल्या बायांकडून कळत गेलं. माधुरीने शाळेत जाऊन सांगितलं. स्वराचा डबा बाईंच्या टेबलाजवळ, एकटीचा. मधल्या सुट्टीत मैदानात जायचं नाही. कोणाच्या वाढदिवसाला पाठवायचं नाही. मला ते योग्यच वाटलं. मीच म्हटलं होतं, जरा लक्ष ठेव.

दीडेक महिन्याने मिश्रधान्यवाल्यांपैकी एक बाई नाचणीचा डबा घेऊन आल्या. त्यांचा नवा पंथ निघाला होता, नुसती नाचणी. मी बडबडत दळून दिली. पुढचा डबा स्वराची ज्वारी. नाचणी म्हणजे काही गहू नाही, म्हणून मी निर्धास्त. ओंजळभर आधी काढली, न पाहताच तिच्या डब्यात टाकली, सगळी ज्वारी दळून झाली. पांढरंशुभ्र पीठ, डबा भरलेला. शेवटी सवयीने बाही झटकली.

त्या पांढऱ्या पिठावर तपकिरी भुरका पडला.

मी थांबलो. पुन्हा थाप मारली. पुन्हा पडला. इतकी ज्वारी त्या बाहीतून गेली होती, तरी नाचणी कापडाला चिकटून बसलेली, आणि मी ती थापा मारमारून पोरीच्या डब्यात पाडत होतो. पीठ जरा बाजूला केलं तर खाली, सुरुवातीच्या ओंजळीचं, चांगलं बोटभर जाडीचं लालसर पीठ. गहू आणि ज्वारी एकमेकांत मिसळले तर डोळ्याला कळत नाही. नाचणी कळली. वर्षभर दर आठवड्याला मी काय केलं, ते माझ्यासमोर डब्यात पडलं होतं.

ते पीठ मी तिला दिलं नाही, माझ्या घरची ज्वारी हातजात्यावर दळून दिली. बोललो मात्र काहीच नाही. आता खरं ते सांगतो, मला भीती वाटली. चाळीस वर्षांचं नाव. मनाने लगेच सोयीची वाट काढून दिली: आजपासून हिचं सगळं नीट करू, बाही नवीन बांधू, पहिलं पीठ फेकू. पोरगी आपोआप सुधारेल. आईला वाटेल, आपण लक्ष ठेवलं म्हणून सुधारली. कोणाचं काय बिघडलं? असे दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशीही राहिलो असतो.

पण तिसऱ्या दिवशी माधुरीच आली, स्वराला आणि एक पिशवी घेऊन. "काका, संगं द्यायले थोडी ज्वारी दळून द्या. स्वरा उद्या उमरेडला चालली, आईकडं."

"सुट्ट्या लागल्या काय?"

"सुट्ट्या कायच्या? शाळेतून नाव काढून राहिलो. तिकडंच टाकते शाळेत. इथं ही लपून खाते, मी कुठं कुठं पाहू? हिच्या बाबाले बी पटलं. आई चोवीस तास नजर ठेवन."

स्वरा पोत्याजवळ उभी होती. तिने आईचा पदर दोन्ही हातांनी धरला होता, सात-आठ वर्षांच्या मुली धरत नाहीत तसा, घट्ट. रांगेत तीन-चार बाया होत्या. त्या निघून जाईपर्यंत थांबावं, असं मनात आलं. मग वाटलं, पोरीला चोर ठरवलं तेव्हा मी कोणी निघून जायची वाट पाहिली नव्हती.

"माधुरी, तिले नको पाठवू," मी म्हटलं. "पोरीनं काही खाल्लं नाही. गहू माझ्या चक्कीतून गेला."

तिला कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. ओंजळभर पीठ, बाही, थापा, नाचणी. राखून ठेवलेलं ते लालसर पीठ दाखवलं. तू फेक म्हणाली होतीस आणि मी फेकलं नाही, हे दोनदा सांगितलं. रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "काका तं पीठ पूर्ण देतात म्हणून आपण येतो." ते मला जास्त लागलं.

माधुरी माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. ती पोरीकडे वळली. "मंग तू काहून म्हटलं वं, बिस्कीट खाल्लं म्हणून?"

स्वरा पदर सोडत नव्हती. आईला सांगायचं ते तिने माझ्याकडे पाहून सांगितलं. "मी पहिलेपासून खरंच सांगून राहिली होती. तरी तू मारे. मंग काकाले बिस्कीट पाहिजे होतं, म्हणून मी बिस्कीट म्हटलं. किती म्हणून विचारलं, तं दोन म्हटलं."

माधुरी तिथेच पिठाच्या फरशीवर बसली आणि पोरीला तिने पोटाशी ओढलं. मी बटण दाबून चक्की बंद केली. पट्टा थांबला. मग मी गुडघे टेकून त्या दोघींच्या समोर बसलो. मला पोरीची माफी मागायची होती. आवाज जमेल तेवढा मऊ केला आणि म्हटलं, "बेटा."

ती चटकन आईच्या मागे सरकली. तिला वाटलं, मी पुन्हा काही विचारणार.